क्रोमचं अपडेट आणि वडिलांकडं आलेला जुना फोन

आज ऊस-द्राक्षाचं सोडून मोबाईलमधल्या ब्राउझरवर लिहितोय. सातबारा, पीएम किसान, बँक, सगळं आता त्यातूनच उघडायचं म्हटल्यावर तेही शेतीचंच काम झालं.

क्रोमच्या अलीकडच्या अपडेटमध्ये पत्ता टाकायची पट्टी खाली घेता येते. ठीक आहे. खरं कामाचं दुसरंच. ज्या साइटकडं आपण ढुंकूनही बघत नाही पण ती सारखी नोटिफिकेशन पाठवते, तिची परवानगी क्रोम आपणहून काढून घेणार, असं गुगलनं ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं. गुगलच सांगतंय की १ टक्क्याहून कमी नोटिफिकेशनला लोक हात लावतात. ‘झटपट कर्ज’, ‘तुम्हाला बक्षीस लागलं’ हे सगळं याच वाटेनं येतं. तेव्हा हे बरं झालं.

पण ही सोय मिळणार कुणाला? क्रोम १३८ ही अँड्रॉइड ८ आणि ९ साठी शेवटची आवृत्ती. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३९ पासून अँड्रॉइड १० तरी लागतंच. आणि आपल्याकडं कोरेगाव म्हणा, तासगाव म्हणा, फोन येतो कसा? पोरगा पुण्यात नवा घेतो, जुना वडिलांकडं येतो. बँकेचा ओटीपी नेमका त्याच फोनवर!

जुनं क्रोम बंद पडत नाही, म्हणून कुणाला कळतच नाही. साइट उघडतात, पण नवी सापडलेली भोकं बुजवली जात नाहीत. फवारणी पंपाचा वायसर बदलला की तो आणखी चार वर्षं चालतो, इथं तसा वायसर मिळत नाही.

सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडून अँड्रॉइडचा आकडा बघा. ८ किंवा ९ असेल तर फायरफॉक्स टाका. त्यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये किमान हद्द अँड्रॉइड ८ ठेवलीय. बँकेचं काम मात्र घरातल्या नव्या फोनवरच करा. व्हॉट्सॲपवर ‘अपडेट’ किंवा ‘पीएम किसान’ नावाची एपीके फाइल आली तर हात लावू नका, अपडेट प्ले स्टोअरमधूनच.

माझं म्हणणं सरकारलाही आहे. सगळं ऑनलाइन करताय तर जुन्या फोनवाल्यासाठी तलाठी कार्यालयात कागदावर काम होण्याची वाट उघडी ठेवा. सात वर्षांचा फोन आमच्याकडं जुना नसतो.