जूनमध्ये एक पत्र पाठवा

प्रति,
माननीय आयुक्त,
इंटर्नल रेव्हेन्यू सर्व्हिस, वॉशिंग्टन डी.सी.



पत्र मराठीत लिहितोय, तेव्हा ते तुमच्या टेबलावर पोहोचेल असा भ्रम नाही. पण तुमचे फॉर्म भरताना घरात जी भाषा बोलली जाते, आणि कधीकधी जे शब्द तोंडून निघतात, ते आमच्याकडे मराठीतच असतात. तुम्ही नाही वाचलंत तरी एडिसनपासून फ्रीमाँटपर्यंतची मंडळी वाचतील.

आधी माझी चूक सांगतो. जानेवारी २०२४ मध्ये मी रॉथ आयआरए या निवृत्तीच्या खात्यात सात हजार डॉलर भरले. वर्षाच्या सुरुवातीला भरले की पैशाला वाढायला जास्त दिवस मिळतात, एवढाच हिशेब. तेव्हा आम्हा नवराबायकोचं उत्पन्न मर्यादेत बसत होतं. डिसेंबरात बोनस आला, कंपनीचे शेअर हातात पडले आणि एकत्र विवरणपत्र भरणाऱ्यांची २,४०,००० डॉलरची रेषा आम्ही ओलांडली. आनंदच झाला. फक्त त्या रेषेपलीकडे रॉथमध्ये एक डॉलरही चालत नाही. जानेवारीत रीतसर भरलेली रक्कम डिसेंबरात ‘एक्सेस’ झाली. ती तशीच राहू दिली की दरवर्षी सहा टक्के दंडकर.

यावर कायद्यात उपाय आहे, आणि तो चांगला आहे. नाव मात्र ‘रिकॅरॅक्टरायझेशन’. मी त्याला दत्तक म्हणतो. रॉथमधली रक्कम पारंपरिक आयआरएला दत्तक द्यायची. दत्तक गेलेल्या मुलाचं मूळ गोत्र सुटतं, तशी ही रक्कम पहिल्या दिवसापासून दुसऱ्याच खात्यात भरली होती असं मानलं जातं. अंगावरचे दागिनेही बरोबर जातात, म्हणजे तिच्यावरची वाढही हलवावी लागते. माझ्या सात हजारांवर ११९० डॉलर वाढले होते. मार्च २०२५ मध्ये खातं सांभाळणाऱ्या कंपनीने ८१९० डॉलर इकडून तिकडे केले. दोन दिवसांत काम झालं. फोनवरची मुलगी सौजन्यानं बोलली.

पुढे आलं विवरणपत्र. एवढ्या मोठ्या नावाच्या व्यवहाराला तुमच्याकडे स्वतःचा फॉर्म नाही. करदात्याने आपल्या शब्दांत एक निवेदन लिहून जोडायचं. त्यातही मेख आहे. हस्तांतर २०२४ सालातच झालं असतं तर ती रक्कम फॉर्म १०४० च्या ४ए ओळीत दाखवायची. २०२५ मध्ये झालं, तर ती ना २०२४ च्या विवरणपत्रात येते, ना २०२५ च्या, फक्त निवेदनात. हे वाक्य मी तुमच्या सूचनांमध्ये तीनदा वाचलं. चौथ्यांदा बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, “म्हणजे सांगायचं, पण कुठे लिहायचं नाही?” बरोबर तेच.

मग रात्री साडेअकराला ओट्याशी उभं राहून लिहिलं. अमुक तारखेला सात हजार भरले, अमुक तारखेला ते ११९० डॉलर वाढीसकट पारंपरिक आयआरएमध्ये वळवले, कारण उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त निघालं. दोन वाक्यं झाली. ती विवरणपत्राला जोडायची सोय मी वापरत असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये सापडेना, तेव्हा सगळं छापून टपालाने पाठवलं. सोबत फॉर्म ८६०६. त्याच्या पहिल्या ओळीत सात हजारच लिहायचे, ८१९० नाही. हात ८१९० कडेच जातो, कारण खात्यात तेवढे दिसत असतात. पण कर भरून झालेली मुद्दल सात हजारच आहे, आणि ती नोंद निवृत्तीपर्यंत जपायची आहे. नाहीतर त्याच पैशावर पुन्हा कर भरायची पाळी येते.

प्रकरण मिटलं असं वाटलं. जानेवारी २०२६ मध्ये कंपनीकडून फॉर्म १०९९-आर आला. वर ८१९० चा आकडा, करपात्र रकमेच्या चौकटीत शून्य आणि सातव्या चौकटीत एकच अक्षर, ‘आर’. त्याचा अर्थ, मागच्या वर्षासाठी भरलेली रक्कम या वर्षी वळवली. दहा महिन्यांपूर्वी मी जे टपालाने कळवलं होतं, त्याचाच हा कागद. तो सॉफ्टवेअरमध्ये भरताच उत्तर आलं, २०२४ चं विवरणपत्र दुरुस्त करा. पण दुरुस्त काय करू? सगळं तर आधीच लिहिलंय! दोन रात्री झोप नीट लागली नाही, हे कबूल करतो. शेवटी निवेदनाची प्रत शोधून फाइलमध्ये वर लावली आणि दुरुस्तीच्या भानगडीत पडलो नाही.

माझं एकवेळ ठीक. एक डॉलर दंड गेला नाही. माझ्या एका मित्राची गोष्ट वेगळी आहे. त्याची बायको पुण्यात दातांचा दवाखाना चालवते आणि उन्हाळ्यात तीन महिने इकडे येऊन राहते. तिचं तिकडचं उत्पन्न इथल्या करात ओढायचं नाही, म्हणून तो विवाहित असूनही वेगळं विवरणपत्र भरतो. त्यात काही गैर नाही. पण वेगळं भरणाऱ्याने वर्षात कधीही जोडीदारासोबत संसार केला असेल, तर रॉथसाठी त्याची उत्पन्नमर्यादा दहा हजार डॉलर. बाकीच्या मर्यादा महागाईबरोबर वर सरकतात, हा आकडा जागचा हलत नाही. न्यू जर्सीत दहा हजारांत जगणारा इंजिनिअर मला दाखवा.

त्याला हे माहीत नव्हतं. २०२१ मध्ये सहा हजार, २०२२ मध्ये सहा हजार, २०२३ मध्ये साडेसहा हजार, असे तो नेमाने भरत गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये एका सीपीएच्या लक्षात आलं. दंडकर फक्त त्या वर्षीच्या रकमेवर नसतो, साचलेल्या सगळ्या रकमेवर असतो. पहिल्या वर्षाचे ३६०, दुसऱ्याचे ७२०, तिसऱ्याचे १११०. तीन वर्षांचे दंडकराचे तीन फॉर्म ५३२९ भरून २१९० डॉलर गेले. वर्ष संपायच्या आत त्याने १८,५०० काढून घेतले, म्हणून चौथं वर्ष वाचलं. गंमत पहा, वेळेत दुरुस्ती केली असती तर वाढही काढावी लागली असती. मुदत उलटल्यावर काढताना वाढ रॉथमध्येच राहते. शिक्षा झाली आणि बक्षीसही मिळालं.

आता मूळ मुद्दा, आयुक्तसाहेब. खातं सांभाळणाऱ्या कंपनीला आमचं उत्पन्न माहीत नसतं. आमचं उत्पन्न आणि रॉथमधला भरणा, दोन्ही कळवलं जातं ते तुम्हाला. बहुतेकांचं विवरणपत्र १५ एप्रिलपर्यंत तुमच्याकडे येतं. भरण्याची माहिती देणारा फॉर्म ५४९८ कंपनीने ३१ मेपर्यंत तुम्हाला द्यायचा असतो. आम्हालाही तो तेव्हाच मिळतो, विवरणपत्राची मुदत उलटून गेल्यावर. आणि वेळेत विवरणपत्र भरलेल्याला १५ ऑक्टोबरपर्यंत चूक सुधारायची मुभा तुमचेच नियम देतात. दुरुस्त विवरणपत्राच्या माथ्यावर ‘कलम ३०१.९१००-२ नुसार दाखल’ असं लिहायचं, बस. मी विचारलेल्या दहा जणांपैकी एकालाही या मुभेची कल्पना नव्हती.

म्हणजे जून ते ऑक्टोबर या काळात तुमच्या संगणकात दोन आकडे शेजारी शेजारी बसलेले असतात, आणि चूक फुकटात सुधारता येत असते. माझ्या मित्राचे दोन आकडे असे तीन उन्हाळे बसून होते.

संसदेने २०२२ च्या सिक्युअर २.० कायद्यात थोडी दया दाखवली. वेळेत जादा रक्कम काढली तर तिच्या वाढीवरचा दहा टक्के दंड रद्द केला. पूर्वी ५३२९ भरला नाही तर सहा टक्क्यांची वसुली कधीच कालबाह्य होत नसे, तिला आता सहा वर्षांची मर्यादा आहे. या गोष्टी चांगल्याच झाल्या. पण चूक झाली आहे हे माणसाला कळलंच नाही, तर या दयेचा उपयोग काय? तुमचा हेतू वसुलीचा नाही, लोकांनी म्हातारपणासाठी पैसे साठवावेत हा आहे, असं मी मानून चालतो.

निवेदनासाठी छापील एक पान काढा, तारखा आणि रकमा भरायच्या चौकटी असलेलं. ते जमलं तर उत्तम, नाही जमलं तर आम्ही ओट्यावर लिहू. पण ज्याचं उत्पन्न आणि भरणा जुळत नाही, त्याला जूनमध्ये साधं एक पत्र पाठवा. त्यात दंडाची मागणी नको. ‘तुमच्या रॉथमधला भरणा जादा दिसतो, १५ ऑक्टोबरपर्यंत सुधारता येईल’ एवढंच लिहा. तिकिटाचे पैसे आमच्या करातून घ्या.

आपला,
एक करदाता
एडिसन, न्यू जर्सी