दुसरी पंगत

भाऊबिजेच्या दुपारी उमेळ्याच्या आमच्या घरी रिवाजाप्रमाणे पुरुषांची पंगत आधी बसली. धाकट्या भाचीने विचारले, "मामा, आपण सगळे एकदम का नाही जेवायला बसत?" मी काही बोलण्याआधीच काका म्हणाले, "अगं, हा निसर्गाचाच नियम आहे. रेहेकुरीला जाऊन बघ. काळविटांतसुद्धा नरांचे कळप निराळे, माद्यांचे निराळे."

काकांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या त्या अभयारण्यात, १९८० सालापासून राखलेल्या माळावर, मोठा काळा नर आपली जागा धरून असतो. माद्या-पिलांचा कळप हिंडत असतो आणि जागा न मिळालेले नर ब्रह्मचाऱ्यांची टोळी करून राहतात. उत्तर अमेरिकेतल्या डोंगरी रानमेंढ्यांची तर याहून गंमत. एडके आणि मेंढ्या वर्षाचे बहुतेक महिने वेगळे राहतात. थंडीच्या तोंडाला, माजाच्या दिवसांत तेवढे एकत्र येतात.

पण नियम सांगणाऱ्याने कारणही सांगावे. पाठीशी कोकरू असलेली मेंढी लांडग्याच्या भीतीने कड्याकपारी सोडत नाही. तिथे चारा कमी मिळाला तरी ती भागवते. एडक्याला ती काळजी नाही. तो चांगल्या कुरणाकडे वळतो. कॅनडातल्या रानमेंढ्या पाहून कॅथरीन रुक्स्टूल यांनी १९९८ साली आणखी एक कारण मांडले. मेंढी जास्त वेळ चरते, एडका जास्त वेळ बसून रवंथ करतो. ही चालू लागते तेव्हा तो बसलेला असतो. मग कळप एक राहावा कसा? यात वैर नाही आणि मानपानही नाही. दोघांच्या दिवसाचा ठेका जुळत नाही, इतकेच.

हे सारे मी रंगून सांगत होतो. वाढता वाढता सौ. थबकली आणि म्हणाली, "अहो, म्हणजे या घरात बसून रवंथ कोण करतं, ते आज कळलं!"

सगळे हसले, मीही हसलो. पण घास घशाशी अडला. एडक्याला त्याचे पोट निसर्गाने दिले. माझे बसणे मात्र आधी आईने, मग बहिणीने आणि आता हिने उभे राहून मला मिळवून दिले आहे. वर्गात मी स्त्रीजीवनावर तास तास बोलतो; घरात तीन वाजता गार भात जेवणारी दुसरी पंगत मला कधी दिसलीच नव्हती.

त्या दिवशी दुसऱ्या पंगतीला मी वाढले. आमटी सांडली, मीठ दोनदा वाढले गेले. भाची हसून लोळली. इतक्यात हात धुऊन काका स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि जरा अवघडून म्हणाले, "भाताचं पातेलं कुठंय रे?"