मोटार कोणाची, सवलत कोणाला?

जानेवारी २०२५ मध्ये एस.टी.चे प्रवासभाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात तीस लाखांहून अधिक किमतीच्या विजेच्या मोटारींवर ६ टक्के कर सुचविण्यात आला, आणि महिना संपण्यापूर्वीच तो मागेही घेण्यात आला. ऑगस्टमध्ये अटल सेतूवर विजेच्या मोटारींना पथकर माफ झाला. हे तीन निर्णय शेजारी शेजारी ठेवले की शासनाच्या वाहतूकविषयक धोरणाचा कल निराळा सांगावा लागत नाही.

संकरित मोटार घ्यावी, प्लग-इन संकरित घ्यावी, की निव्वळ विजेची, ही चर्चा आज सुखवस्तू घरांत चालू आहे. ती निरर्थक नाही. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात करावे लागते. साधी संकरित मोटार ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठवते आणि शहराच्या अडखळत्या रहदारीत पेट्रोल वाचवते; परंतु तिची सारी शक्ती अखेर पेट्रोलातूनच येते. प्लग-इन मोटार विजेला जोडता येते, पण तशी ती रोज जोडली तरच तिचा उपयोग. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अशा मोटारींचे रस्त्यावरील प्रत्यक्ष उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्यांच्या सरासरी साडेतीन पट निघाले. कागदावरची काटकसर आणि मालकाची सवय यांतील हे अंतर बोलके आहे.

निव्वळ विजेची मोटार रस्त्यावर धूर सोडत नाही. कोळशाची वीज हिशेबात धरूनही तिच्या आयुष्यभराचे उत्सर्जन पेट्रोलच्या मोटारीहून कमी भरते. तेव्हा तिघींत तीच उजवी, हे मान्य करावयास हरकत नाही. मात्र देशातील सुमारे ७० टक्के वीज आजही कोळशावर निर्माण होते. पुण्याच्या रस्त्यावरून नाहीसा झालेला धूर काही अंशी चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्राच्या धुराड्यांतून बाहेर पडतो. मोटारीचे सुख एका गावाला आणि राख दुसऱ्या गावाला, अशी ही वाटणी आहे.

शिवाय या मोटारीची खरी काटकसर घरी बॅटरी भरण्यात आहे. त्यासाठी स्वतःच्या मालकीची वाहन उभे करण्याची जागा आणि तेथवर पोचणारी वीजजोडणी लागते. चाळीत वा झोपडपट्टीत राहणाऱ्याच्या वाट्याला ती कोठून येणार?

आरंभी सवलती दिल्यावाचून नवे तंत्र स्वस्त होत नाही, असा युक्तिवाद केला जातो. दुचाकी, रिक्षा आणि बस यांच्या बाबतीत तो रास्त आहे, कारण तेथे सवलत कष्टकऱ्याच्या पोटापाण्याशी जोडलेली असते. तीस लाखांची मोटार घेणाऱ्याचा निर्णय मात्र ६ टक्क्यांवर अडत नाही. मोठ्या संकरित मोटारीवर वस्तू व सेवा कर ४० टक्के आणि विजेच्या मोटारीवर ५ टक्के, या फरकाला पर्यावरणाचा आधार आहे. परंतु कोटी रुपयांच्या मोटारीलाही तोच ५ टक्क्यांचा दर लावण्याला कोणता आधार आहे? केंद्राच्या २०२४ च्या १०,९०० कोटींच्या पी.एम. ई-ड्राइव्ह योजनेत खाजगी मोटारींना अनुदान नाही, बसगाड्यांना आहे. राज्याने निदान हा क्रम तरी गिरवावयास हवा होता.

एस.टी.ने ५,१५० विजेच्या बसगाड्या भाडेतत्त्वावर घेण्याचा करार केला. ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे त्या मिळाल्या नाहीत. फलाटावर ताटकळणाऱ्या विद्यार्थिनीला, बाजाराला निघालेल्या शेतकऱ्याला तीन मोटारींतून एक निवडण्याचा प्रश्न पडत नाही. गाडी येणार की नाही, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे असतो.

ज्याला मोटार घ्यावयाची आहे, त्याने ती विजेची घ्यावी. पण आपल्या खर्चाने घ्यावी. महागड्या मोटारींवरील मागे घेतलेला कर शासनाने पुन्हा लावावा आणि त्याचा पै न् पै एस.टी.च्या विजेच्या बसगाड्यांसाठी राखून ठेवावा. सार्वजनिक तिजोरीवर पहिला हक्क सार्वजनिक वाहनाचाच आहे.