पोच आधी आणि काम नंतर?

‘ऑटो-ॲक चालू ठेवा, कोड सुटसुटीत राहतो, क्यूही भराभर रिकामी होते,’ असा सल्ला रॅबिटएमक्यू वापरणाऱ्या टीममध्ये अनुभवी मंडळीसुद्धा देतात. क्यू भराभर रिकामी होते हे खरेच, पण ती काम झाल्यामुळे रिकामी होत नाही. ऑटो-ॲकमध्ये ब्रोकर मेसेज सॉकेटवर लिहितो आणि तेवढ्यावरच तो पोचला असे समजून क्यूतून काढतो. नंतर कन्झ्युमरची प्रोसेस मेली, तर डॅशबोर्ड हिरवागार आणि ग्राहकाचे बिल बेपत्ता! शिवाय या पद्धतीत प्रीफेचची, म्हणजे ॲक न देता कन्झ्युमरने एका वेळी किती मेसेज हातात ठेवायचे याची, मर्यादा लागूच होत नाही.

ही सवय लागते कुठून? रॅबिटएमक्यूच्या अधिकृत पहिल्या धड्यातल्या पायथॉन कोडमध्ये ऑटो-ॲक चालू असते आणि दुसऱ्या धड्यात ते काढून टाकलेले असते. आपल्याकडे पहिला धडा कॉपी होतो, दुसरा वाचायचा राहतो.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे: हाताने ॲक दिले तर तोच मेसेज दोनदा येऊ शकतो, मग पैसे दोनदा कापले गेले तर? येतो खरा. काम झाले आणि ॲक जाण्याआधी कनेक्शन तुटले की ब्रोकर तो पुन्हा देणारच. पण दोनदा आलेला मेसेज ओळखता येतो. हरवलेला कसा ओळखणार? मेसेजचा आयडी युनिक कॉलममध्ये, कामाच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये नोंदवा, कमिट होऊ द्या आणि मगच ॲक द्या. पैसे बाहेरच्या गेटवेतून कापत असाल, तर तोच आयडी तिकडेही पाठवा.

‘प्रीफेच जितका मोठा तितका वेग’ हेही अर्धसत्य. स्प्रिंग एएमक्यूपीमध्ये 2.0 पासून तो मुळात 250 आहे. छोट्या, झटपट कामांना ठीक. पण एका मेसेजला दहा सेकंद लागत असतील आणि कामे एकामागून एक होत असतील, तर शेवटच्याची पाळी चाळीस मिनिटांनी येते. रॅबिटएमक्यू 3.13 मध्ये ॲकची मुदत मुळात 30 मिनिटांची. ती उलटली की ब्रोकर चॅनेलच बंद करतो आणि उरलेले मेसेज क्यूत परततात. तोवर शेजारचा कन्झ्युमर रिकामा बसलेला! अशा कामाला प्रीफेच एक किंवा दोन पुरे.

कायम फसणारा मेसेज रीक्यू करत बसू नका, डेड-लेटर क्यूत टाका. दर सेकंदाला येणारे तापमानाचे आकडे असतील, तर ऑटो-ॲक खुशाल वापरा. बिले, ऑर्डरी, पगार यांच्या कन्झ्युमरमध्ये ते चालू असेल, तर आजच बंद करा.