संसारी गाडीचा उनाडपणा

वार्षिकांकात मोटारगाडीवर लेख लिहावा की नाही, यावर मित्रमंडळींत बरीच चर्चा झाली. कला शाखेच्या विद्यार्थ्याने कविता लिहावी, निदान निसर्गावर दोन पाने लिहावीत, असा एकंदर सूर होता. पण माणूस कोणत्या वस्तूवर जीव टाकतो आणि का टाकतो, हा प्रश्न कला शाखेचा नाही तर कोणाचा? म्हणून विषय बदलला नाही. स्पोर्ट्स कार आणि कूपे यांच्यापेक्षा ‘हॉट हॅचबॅक’ ही गाडी मला श्रेष्ठ का वाटते, ते येथे मांडतो.

आधी संज्ञा स्पष्ट करू. स्पोर्ट्स कार म्हणजे दोन माणसांची, जमिनीलगत बसणारी, केवळ चालविण्याच्या आनंदासाठी बांधलेली गाडी. कूपे म्हणजे दोन दारांची, मागे उतरत्या छपराची. तिला बहुधा मागे आसन असते, पण मोठ्या माणसाने तेथे बसायचे तर मान वाकवूनच बसावे लागते. हॅचबॅक आपल्या रस्त्यांवर रोज दिसते. तिचे मागचे दार काचेसकट वर उघडते आणि मागचे आसन पाडले की पोती मावतात. आपली मारुती ८०० याच घाटणीची. अशा साध्या गाडीला ताकदीचे इंजिन, कडक सस्पेन्शन आणि चांगले ब्रेक द्यावेत, पण तिचे घरगुती रूप मोडू नये. म्हणजे झाली हॉट हॅचबॅक.

स्पोर्ट्स कार ही सडाफटिंग गाडी आहे. तिला आगापिछा नाही. हॉट हॅचबॅक संसारी आहे, आणि संसार सांभाळून ती उनाडपणा करते. तिचे मोठेपण मला यातच दिसते.

या उनाडपणाची सुरुवात इंग्लंडमध्ये झाली. १९५६ च्या सुएझ संकटात पेट्रोल टंचाई झाली, तेव्हा कमी पेट्रोल पिणाऱ्या छोट्या गाडीची गरज भासली. ॲलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवे बसवून पुढच्या चाकांना जोडले आणि वाचलेली जागा माणसांना दिली. ही १९५९ ची ‘मिनी’. तिला मागे वर उघडणारे दार नव्हते, म्हणून ती हॅचबॅक नव्हे. पण या घराण्याची आजी तीच. शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या जॉन कूपर यांना तिच्यात वेगळे काही दिसले आणि १९६१ मध्ये ‘मिनी कूपर’ आली. १९६४ च्या माँटे कार्लो रॅलीत पॅडी हॉपकर्क यांनी १०७१ सीसीची मिनी कूपर एस पहिली आणली. दुसरी आली ४.७ लिटर इंजिनाची फोर्ड फाल्कन! नियमांत लहान इंजिनाला सवलत होती हे खरे. परंतु बर्फाळ घाटांत सवलत काही स्टिअरिंग फिरवीत नाही.

खरी हॉट हॅचबॅक मात्र जर्मनीत लोकप्रिय झाली. १९७४ मध्ये आलेली फोक्सवॅगन गोल्फ ही सामान्य कुटुंबाची गाडी होती. तिचा एक चपळ अवतार काढावा, अशी खटपट कंपनीतल्या काही मोजक्या मंडळींनी आधी गुपचूप चालविली होती. १९७५ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती गाडी मांडली गेली आणि १९७६ मध्ये विक्रीला आली: १५८८ सीसी, ११० अश्वशक्ती, वजन आठशे किलोंहून थोडे अधिक, वेग ताशी १८२ किलोमीटर. बाहेरून फरक म्हणाल तर जाळीभोवती एक लाल रेघ. आत चौकड्यांच्या कापडाची आसने आणि गोल्फच्या चेंडूसारखी गिअरची मूठ. ही सजावट गुनहिल्ड लिलयेक्विस्ट या बाईंची. कंपनीने पाच हजार गाड्यांचा अंदाज धरला होता. त्या पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक खपल्या. १९८४ मध्ये फ्रान्सची प्यूजो २०५ जीटीआय आली. ती इतकी चपळ होती की वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला तर मागचा भाग बाहेर सरकायचा, आणि चालविणाऱ्याची परीक्षा पाहायचा.

पुढची चाके ओढतात अशा छोट्या गाडीत एवढा आनंद कोठून येतो? माझ्या मते कमी वजनातून आणि मर्यादेतून. हलक्या गाडीला वळणावर बाहेर फेकणारा जोर कमी असतो, ब्रेक लवकर लागतो, आणि रस्त्याची खबर हातापर्यंत पोहोचते. मुख्य म्हणजे मोठ्या ताकदीची स्पोर्ट्स कार साध्या रस्त्यावर अर्धवट झोपेत असते. तिची खरी ताकद अनुभवायची तर कायदा मोडावा लागतो किंवा शर्यतीचा ट्रॅक गाठावा लागतो. छोटी हॅचबॅक मात्र अरुंद घाटात, तिसऱ्या गिअरमध्ये, माफक वेगातही पुरती जागी असते.

येथे कोणी म्हणेल, सौंदर्याला उपयोगाची अट कशाला? आक्षेप योग्य आहे. जग्वार ई-टाईपसारखी गाडी नुसती उभी असली तरी डोळे निवतात. १९८९ ची मझदा एमएक्स-५ हलकी होती, साधी होती, आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा तोल कोणत्याही हॅचबॅकला साधत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. पण हा वाद आपल्याला नवा नाही. फडक्यांची ‘कलेसाठी कला’ आणि खांडेकरांची ‘जीवनासाठी कला’ आपण तासाला शिकलो. स्पोर्ट्स कार फडक्यांच्या बाजूची, आणि माल वाहणारा टेम्पो खांडेकरांच्या. हॉट हॅचबॅक या दोघांना एकाच बाकावर बसवते. त्यासाठी ती उपयोगाला अपवाद मागत नाही आणि आनंदाबद्दल माफीही मागत नाही.

या प्रश्नाचा माझ्या घराशी संबंध आहे. माझे वडील वडापची जीप चालवतात. आमच्या घरी गाडीबद्दल दोनच प्रश्न विचारले जातात: सीट किती बसतात, आणि ॲव्हरेज किती देते? या लेखातली एकही गाडी मी चालविलेली नाही. वाचले, मोबाइलवर पाहिले, एवढेच. परंतु वडिलांच्या शेजारी बसून मी घाट पुष्कळ पाहिला आहे. भरल्या गाडीत, चढावर, नेमक्या जागी गिअर बदलून गाडी न अडखळता वळण घेते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे येते, ते भाड्याच्या पैशाचे नसते. विचारले तर ते कबूल करणार नाहीत. कष्टाच्या कामात आनंद वाटणे, ही आपल्याकडे लपविण्याची गोष्ट समजतात.

मी आमच्या घरातला कॉलेजात आलेला पहिला. भावकीतली मंडळी विचारतात, ‘बी.ए. करून उपयोग काय?’ आधी उपयोगाचे शिका. वाचन, नाटक, कविता हे नोकरी लागल्यावर, कर्ज फिटल्यावर. म्हणजे आनंद ही दुसरी गाडी. पहिली गाडी असलेल्यांनी हौसेखातर घ्यायची आणि रविवारी बाहेर काढायची. मला हा हिशेब पटत नाही. ज्यांच्या दारात आयुष्यभर एकच गाडी असणार, त्यांनी आनंद कोणत्या गाडीत बसवायचा? त्याच गाडीत, दळणाच्या डब्याशेजारी.

या गाड्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीस या गाड्या इतक्या चोरीला जाऊ लागल्या आणि तरुण इतके बेफाम चालवू लागले, की विम्याचे हप्ते भडकले आणि पुढे खपही पडला. आपल्या रस्त्यांवर असा बेफामपणा कोणी करू नये. दुसरे दुखणे किंमतीचे. आपल्या चाकणच्या कारखान्यात २०२२ पर्यंत साधी पोलो बनत होती, पण २०१६ मध्ये पोलो जीटीआय आली ती आयात होऊन, पंचवीस लाखांच्या वर. २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय आली, सुमारे ५३ लाखांना, आणि वजन चौदाशे किलोंच्या वर! सप्टेंबर २०२५ पासूनच्या जीएसटीत चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के कर आहे. त्यापलीकडे ४० टक्के. १९७६ ची गोल्फ जीटीआय पावणेचार मीटरसुद्धा लांब नव्हती, तरी इंजिनामुळे तीही आज आपल्याकडे चैनीच्या रांगेत बसली असती.

तरीही मी निराश नाही. २०२४ मध्ये टाटांनी दहा लाखांच्या आतबाहेर १२० अश्वशक्तीची अल्ट्रोझ रेसर आणली, ती १२०० सीसीच्या मर्यादेत राहूनच. म्हणजे मर्यादा पाळूनही उनाडपणा जमतो. चैनीची गाडी चैनीच्या माणसाला आनंद देते, यात नवल नाही. रोज राबणाऱ्या गाडीनेही तो द्यावा आणि राबणाऱ्या माणसाने तो न लाजता घ्यावा, एवढेच माझे म्हणणे आहे. मतभेद असणाऱ्यांनी कॅन्टीनमध्ये अवश्य भेटावे, चहा त्यांच्याकडून!

— द्वितीय वर्ष, कला