संमतीपत्रावर सही करण्याआधी



रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन अगदी थोडं. डोंगरावर दिसणारा बहुतेक झाडोरा कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावर असतो. तिथे दुकान थाटलेल्या आपल्या काही घरांनीही पूर्वी अशा जमिनी घेतल्या. हिंदू वारसा कायदा आपल्यालाही लागू आहे, त्यामुळे वडिलांच्या पश्चात मुलींचीही नावं लागतात. मग पावसाळा संपला की भावाचा फोन येतो: ठेकेदार आलाय, झाडं द्यायचीत, तुझी फक्त एक सही हवी.

ती सही 'फक्त' नसते, असं माझं मत आहे.

श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांतली पहिली दोन आठवा. अंगारकर्म आणि वनकर्म. कोळसा पाडणं आणि जंगल तोडून विकणं. पक्खी प्रतिक्रमणात आपण त्यांचं मिच्छामि दुक्कडं म्हणतो. पर्युषणात हिरवी भाजी सोडायची आणि कार्तिकात ऐन, किंजळ, बेहडा उभाच ठेकेदाराला द्यायचा, हे मला पटत नाही.

वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो. झाडाने तो वर्षानुवर्षं हवेतून घेऊन साठवलेला असतो. सरपण भट्टीत गेलं की काही तासांत तो धुरावाटे परत हवेत जातो. 'बुंध्याला फुटवा येतो, पुन्हा वाढतंच की' असं म्हणतात, ते खरंच आहे. पण तो मांडीएवढा जाड होतो न होतो तोच पुन्हा करवत लागते. मोठं खोड कधी होतच नाही, आणि खरा साठा मोठ्या खोडात असतो. धनेशाची ढोलीही अशाच जुन्या झाडात. मादी आत स्वतःला कोंडून घेते, नर बाहेरून फळं भरवतो. तो तर पंचेंद्रिय जीव.

भावाची अडचण मात्र खोटी नसते. कर्ज असतं, मुलीचं लग्न असतं. नुसतं 'नको' म्हणून भागत नाही. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था संगमेश्वर भागात खासगी मालकांशी करार करून त्यांना जंगल राखण्याचा मोबदला मिळवून देते. हिरडा-बेहड्याची फळं झाड न तोडता विकली जातात. आपल्या अणाहारी डबीतली त्रिफळा शेवटी याच झाडांची. पडलेलं, वाळलेलं लाकूड नेता येतं. लाकूड विकण्याइतके पैसे एकदम मिळत नाहीत, हे मान्य. म्हणूनच मला वाटतं, संघाच्या जीवदयेच्या टिपेतून पांजरपोळाबरोबर थोडी रक्कम अशा करारांकडेही जावी. पुढच्या पर्युषणात महिला मंडळाने हा विषय ट्रस्टींपुढे काढायला काय हरकत आहे?

तोवर सही मागितली तर आधी यादी मागा: कोणती झाडं जाणार, किती, आणि कोणती राहणार. जुनी फळझाडं आणि ढोलीची झाडं वगळल्याचं कागदावर लिहून घ्या. भाऊ दोन दिवस रुसेल.