थेंब पेट्रोलचा, घोर साऱ्या घराला

आमच्या सासऱ्यांकडे १९६९ची फियाट ११०० आहे. दर रविवारी सकाळी बाबा ती स्वतः पुसतात, नातीला मागच्या सीटवर बसवतात आणि एक फेरी मारून आणतात. गेल्या पावसाळ्यानंतर गाडीत पेट्रोलचा वास येऊ लागला. "अगं, जुनी गाडी म्हटली की थोडा वास यायचाच," बाबा म्हणाले. आम्हीही ते मान्य करून टाकले.

एका संध्याकाळी मी कामावरून परतले, तर गाडीच्या पुढच्या भागाखाली फरशीवर तळहाताएवढा ओला डाग होता आणि तिथून दोन हातांवर वॉचमनने डासांची कॉइल लावून ठेवली होती. माझ्या पोटात गोळाच आला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून न जाता जमिनीलगत पसरत जाते आणि तिला एक ठिणगी पुरते. आधी ती कॉइल दूर नेली आणि मगच वर जाऊन बाबांना हाक मारली.

दुसऱ्या दिवशी जवळच्या गॅरेजमधला मुलगा आला. कार्ब्युरेटरच्या झाकणाचे स्क्रू त्याने अंगातला सगळा जोर लावून आवळले आणि म्हणाला, "आता थेंब पडणार नाही." दोन दिवस खरेच पडला नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा डाग! आई म्हणाल्या, "आता ती विकून टाका, नाहीतर नातीला तरी तिच्यात बसवू नका." बाबा काहीच बोलले नाहीत, पण त्या रात्री ते नीट जेवलेही नाहीत.

दोष कुठे होता?

शेवटी बाबांनी एका जुन्या मिस्त्रींना बोलावले. याच फियाटची पुढची बहीण म्हणजे प्रीमियर पद्मिनी. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३मध्ये संपली. तोवर या मिस्त्रींचा सगळा जन्म त्या काळ्यापिवळ्या टॅक्सींखालीच गेला होता. त्यांनी पाना हातात घेण्याआधी बॅटरीची अर्थची तार सोडली, इंजिन थंड असल्याची खात्री केली आणि कार्ब्युरेटर फडक्याने कोरडा पुसला. मग टॉर्च धरून ते नुसते बघत बसले.

"पेट्रोल खाली वाहतं," ते म्हणाले, "म्हणून थेंब कुठे पडतो ते बघायचं नाही. सगळ्यात वर ओलं कुठे होतं, ते बघायचं."

कार्ब्युरेटरचे काम समजायला गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. टाकी भरली की चेंडू वर येतो आणि नळ बंद होतो. कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्येही असाच एक फ्लोट असतो. तो पेट्रोलवर तरंगत वर आला की एक छोटी सुई वर ढकलली जाते आणि पेट्रोल येण्याचे भोक बंद होते. सुई झिजली, तिच्याखाली कचरा अडकला किंवा फ्लोटला भोक पडले, तर नळ बंदच होत नाही. चेंबर भरून वाहू लागतो.

मिस्त्रींनी आमचा पितळी फ्लोट काढून बाबांच्या कानाशी हलवला. आत पेट्रोल खुळखुळत होते! फ्लोट जड होऊन बुडत होता आणि आम्ही झाकणाचे स्क्रू आवळत होतो. त्या आवळण्याने झाकणाची कडही वाकली होती. कार्ब्युरेटरचा धातू नरम असतो, जास्त जोर त्याला सोसत नाही. मिस्त्रींनी सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून झाकणाची कड हलक्या हाताने सरळ केली. नवा फ्लोट, नवी सुई, तिच्याखालचा वॉशर आणि नवे गॅस्केट घातले. वॉशर मात्र त्यांनी जुन्याच जाडीचा निवडला, कारण चेंबरमधली पेट्रोलची पातळी त्या जाडीवर ठरते.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर

• वास आला की गाडी सुरू करू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत तापलेला एक्झॉस्ट पाइप कार्ब्युरेटरच्या जवळच असतो.

• गाडी उघड्यावर ढकलत न्या. आसपास विडी, उदबत्ती, निरांजन काहीही नको. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतायचे नाही. वाळूची बादली आणि पावडरचे छोटे अग्निशामक जवळ ठेवा.

• गळतीवर साबण किंवा सिलिकॉन फासू नका. साबण टिकत नाही आणि साधे सिलिकॉन पेट्रोलने फुगून सुटते. त्याचे तुकडे आतल्या बारीक भोकांत अडकतात.

• भोक पडलेल्या फ्लोटला घरी डाग देऊ नका. त्यात पेट्रोलची वाफ कोंडलेली असते. नवाच आणा.

• इंजिन ऑइलची काठी हुंगून पाहा. तिला पेट्रोलचा वास असेल, तर जास्तीचे पेट्रोल इंजिनात उतरले आहे. दुरुस्तीनंतर ऑइलही बदला.

• पेट्रोलच्या रबरी नळ्या वाकवून पाहा. भेगा दिसल्या, तर इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या आणि चांगल्या क्लिपा बसवा.

शेवटचा मुद्दा आता जास्त महत्त्वाचा झाला आहे. २०२५मध्ये आपल्याकडच्या पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोचले. जुन्या गाड्यांचे रबर आणि गॅस्केट अशा पेट्रोलसाठी बनवलेले नव्हते. इथेनॉलने जुने रबर फुगते किंवा तडकते, आणि टाकीत वर्षानुवर्षे साचलेला गाळ सुटून त्या सुईखाली येऊन बसतो. म्हणून कार्ब्युरेटरच्या आधी एक फिल्टर लावा आणि तो वेळेवर बदला.

आमच्या घरी रविवारची फेरी पुन्हा सुरू झाली आहे. फक्त एक नियम वाढला आहे. परत आल्यावर बाबा गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवतात आणि अर्ध्या तासाने नात तो बाहेर ओढून तपासते. पुठ्ठा कोरडा असला की ती जिन्यातूनच ओरडते, "आजी, पास!" आणि मग आई चहा ठेवतात.